हरवलेली अमानत : गेम खेळणारे, कंपन्या आणि भरवसा

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. मोबाइलवर, कॉम्प्युटरवर किंवा प्लेस्टेशनवर ऑनलाइन गेम खेळणारे इथे किती जण आहेत? बरेच हात वर आले. आता ज्यांचा गेमचा आणि ईमेलचा पासवर्ड एकच आहे, त्यांनी हात वरच ठेवा. हसताय, पण हात काही फारसे खाली आले नाहीत. आमच्या घरातही हेच होतं. त्याचं पुढे सांगतो.

शिबिरात संविधान, शिक्षण, रोजगार यांवर बोलायचं सोडून हा गेम कुठे काढून बसला, असं काहींना वाटेल. पण आज तुमच्यापैकी अनेकांनी आपलं नाव, जन्मतारीख, फोन नंबर आणि अब्बांच्या कार्डाचा नंबर पहिल्यांदा कुठे भरला असेल, तर तो एखाद्या गेममध्ये. बँकेत खातं काढायच्या आधी तुम्ही तिथे खातं काढलंय. म्हणून विश्वासाचा आणि हक्काचा पहिला धडाही तिथूनच घेऊ.

गोष्ट 2011 सालची आहे. 17 ते 19 एप्रिलच्या दरम्यान कोणीतरी सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये शिरलं. 20 एप्रिलला कंपनीने सगळं नेटवर्क बंद केलं. जगभरातल्या खेळणाऱ्यांना एवढंच दिसलं की आत जाता येत नाही. अखेर 26 एप्रिलला कंपनीने सांगितलं की सुमारे 7 कोटी 70 लाख खात्यांची माहिती चोरांच्या हाती लागली आहे : नावं, पत्ते, ईमेल, जन्मतारखा, पासवर्ड. कार्डांचे नंबरही गेले असतील, तशी शक्यता नाकारता येत नाही, असंही सांगितलं. पुढच्या काही दिवसांत सोनीच्याच दुसऱ्या ऑनलाइन गेम विभागातली आणखी 2 कोटी 46 लाख खाती या यादीत आली. चोर कोण, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

पासवर्डबद्दल कंपनीने नंतर खुलासा केला की ते जसेच्या तसे ठेवलेले नव्हते, 'हॅश' केलेले होते. सोपं करून सांगतो. मिरची वाटून चटणी केली की चटणीची पुन्हा मिरची होत नाही. हॅश म्हणजे तशी चटणी. पण चोर हुशार असतो. तो नेहमीच्या लाखो पासवर्डांची चटणी स्वतः वाटतो आणि तुमच्या चटणीशी ताडून बघतो. तुमचा पासवर्ड स्वतःचं नाव आणि पुढे 786 असा असेल, तर त्याला फार वाटावं लागत नाही. आणि तोच पासवर्ड ईमेललाही असेल, तर एका चोरीत दोन घरं फुटतात.

लोक कशावर चिडले, ते नीट बघा. चोरी कुठेही होऊ शकते, हे खेळणाऱ्यांना कळत होतं. त्यांचा राग त्या सहा दिवसांवर होता. अमेरिकेतले सिनेटर रिचर्ड ब्लूमेंथल यांनी 26 एप्रिललाच कंपनीला पत्र लिहून विचारलं की ग्राहकांना लगेच का कळवलं नाही. पासवर्ड बदलायला, बँकेला फोन करायला जे दिवस हातात होते, ते लोकांना मिळालेच नाहीत. 1 मे रोजी टोकियोत काझुओ हिराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रकारांसमोर कमरेत वाकून माफी मागितली. मेच्या मध्यावर सेवा हळूहळू सुरू झाली. भरपाई म्हणून ठरलेल्या यादीतले दोन गेम फुकट आणि 30 दिवसांची प्लेस्टेशन प्लसची मेंबरशिप मिळाली.

दोन वर्षांनी, जानेवारी 2013 मध्ये, ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने सोनीला अडीच लाख पौंड दंड केला. सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत केलं असतं तर हा हल्ला टाळता आला असता, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी कंपनी अपिलात जाणार होती, नंतर तिने अपील मागे घेतलं.

पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती सप्टेंबर 2011 ची गोष्ट. कंपनीने अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी करार बदलला. यापुढे काही झालं तर सगळ्यांनी मिळून कोर्टात जायचं नाही, एकेकट्याने लवादाकडे जायचं. हे मान्य नसेल तर 30 दिवसांत टपालाने पत्र पाठवायचं. 'मान्य आहे' दाबायला एक सेकंद आणि 'मान्य नाही' म्हणायला पोस्टात जायचं! माफी मागताना वाकलेली कंपनी चार महिन्यांत अशी ताठ झाली होती.

मग लोकांनी प्लेस्टेशन सोडलं का? नाही. 2013 मध्ये आलेला प्लेस्टेशन 4 पुढे दहा कोटींहून जास्त विकला गेला. यावरून काही जण म्हणतात की लोकांचा विश्वास परत आला. मला तसं सरळ वाटत नाही. ज्याचे विकत घेतलेले गेम तिथे आहेत, वर्षानुवर्षं मिळवलेल्या ट्रॉफ्या तिथे आहेत आणि रात्री दहाला भेटणारे दोस्तही तिथेच आहेत, तो जाणार कुठे? गावात एकच किराणा दुकान असलं आणि गिऱ्हाईक रोज तिथेच आलं, तर त्याला विश्वास म्हणायचं की नाइलाज? काहींचा विश्वास खरंच परत आला असेल. कंपनीने सुरक्षा वाढवली, हेही खरं. पण लोक परत आले एवढ्यावरून कंपनीला चांगुलपणाचं प्रमाणपत्र देता येत नाही.

आपल्याकडे यासाठी एक जुना शब्द आहे : अमानत. प्रेषित मुहंमद (स.) यांना प्रेषितत्व मिळण्याच्या आधीपासून मक्केचे लोक अल-अमीन म्हणत. पुढे तेच लोक त्यांच्या जिवावर उठले, तरी त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या ठेवी त्यांच्याकडेच होत्या. हिजरतीच्या वेळी त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अली यांना मागे ठेवलं गेलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. यात मला तीन गोष्टी दिसतात. ठेव ठेवणाऱ्याची असते, सांभाळणाऱ्याची नव्हे. ठेवणारा आपला विरोधक असला तरी जबाबदारी कमी होत नाही. आणि स्वतःवर संकट आलं म्हणून ठेवीचा हिशोब चुकत नाही. कंपन्या मात्र आपल्या माहितीला स्वतःची मालमत्ता समजतात. सगळी गडबड तिथून सुरू होते.

आता आपल्यापुरतं थोडं. आपल्या नावातच आपला धर्म दिसतो. म्हणून आपलं नाव, फोटो, पत्ता उघड्यावर पडणं आपल्याला जास्त बोचतं. जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी 2022 मध्ये 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. ते फोटो कुठला सर्व्हर फोडून आणलेले नव्हते, सोशल मीडियावरूनच उचललेले होते. इकडे तिकडे विखुरलेली माहिती कोणी वाईट हेतूने एकत्र केली की काय होतं, ते तेव्हा दिसलं. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने त्या प्रकरणात अटका केल्या, कारण त्या स्त्रिया गप्प बसल्या नाहीत, तक्रार द्यायला पुढे आल्या.

पण दुसरी बाजूही सांगतो. प्रत्येक डेटाचोरी आपल्याविरुद्धचा कट नसते. 2011 च्या चोराने कोणाचा धर्म विचारला नव्हता. हा प्रश्न नागरिक म्हणून सगळ्यांचा आहे आणि तो सगळ्यांबरोबरच लढायचा आहे.

त्यासाठी हातात काय आहे? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे. माहिती चोरीला गेली तर कंपनीने संरक्षण मंडळाला आणि ज्याची माहिती गेली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं, असं त्यात आहे. म्हणजे ते सहा दिवस आता चालणार नाहीत. सुरक्षेत कसूर केली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. 18 वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागेल.

त्यातली खोटही ओळखून ठेवा. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. ज्याची माहिती गेली, त्याच्या हाती या कायद्याने नुकसानभरपाई पडत नाही. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही कायद्यात मोठी ठेवली आहे. यावर बोलत राहणं हे आपल्यासारख्या चळवळींचं काम आहे.

आता घरातली गोष्ट. माझा भाचा पंधरा वर्षांचा. एका मोबाइल गेममध्ये त्याचं खातं होतं, आपाच्या ईमेलवर काढलेलं आणि जन्मसाल खोटं टाकलेलं. एक दिवस खातं दुसऱ्याच्या हातात गेलं. पाठोपाठ आपाचा ईमेल उघडला गेला, कारण पासवर्ड एकच. पोराने आठ दिवस कोणाला काही सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा मी त्याला खूप झापलं. सगळं ऐकून घेऊन तो एवढंच म्हणाला, "मामू, सांगितलं असतं तर अम्मीने फोनच काढून घेतला असता."

मी गप्प झालो. कंपनी सहा दिवस गप्प बसली म्हणून भाषणं देणारा मी, आणि माझ्याच घरात पोरगा आठ दिवस गप्प होता. चूक सांगितली की शिक्षा होणार हे माहीत असलं, तर माणूस लपवतो. मग ते घर असो नाहीतर कंपनी. फरक एवढाच की पोर भीतीने लपवतं आणि त्याला जवळ घेऊन सोडवता येतं. कंपनीला मात्र कायद्यानेच बोलतं करावं लागतं. त्या संध्याकाळी मी, आपा आणि तो, तिघं बसून एकेक पासवर्ड बदलत होतो. निम्म्याहून जास्त मला स्वतःचेच बदलावे लागले.

म्हणून जाताना चार कामं देतो. आज रात्री ईमेलचा पासवर्ड वेगळा करा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. गेममध्ये घरच्यांचं कार्ड जपून ठेवायला देऊ नका, लागेल तेवढंच गिफ्ट कार्ड वापरा. न खेळणारी जुनी खाती बंद करा. आणि पैसे गेले तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

पाचवं काम मोठ्यांना. घरातलं पोर "माझ्याकडून चूक झाली" असं सांगत आलं, तर आधी पाणी द्या, मग विचारा. आज आपल्यापाशी मोकळेपणाने बोललेलं पोर उद्या कंपनीला आणि सरकारलाही प्रश्न विचारेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.