पहारेकरी ग्रंथीचा शोध

पायाला ठेंच लागून ती चिघळली, कीं दोन-तीन दिवसांनीं जांघेंत एक दुखरी गांठ हाताला लागते. घरांतील वडील माणसें लगेच सांगतात, "अवधाण आलें आहे." जखम अंगठ्याला आणि गांठ मांडीच्या मुळाशीं, हा संबंध कसा जुळतो याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. शरीरांत रक्तवाहिन्यांप्रमाणेंच आणखी एका रसाच्या वाहिन्यांचें जाळें पसरलेलें आहे. या रसाला लसिका म्हणतात. पायांतील लसिका वर चढते, जांघेंतील ग्रंथींतून गाळली जाते आणि अखेर रक्तास मिळते. वाटेंत शिरलेले जंतु या गाळणींत अडकतात, तेथें झुंज होते आणि गांठ सुजते. अवधाण ही चौकीवर झालेल्या चकमकीची खूण होय. त्याच वाटेनें कर्करोगाच्या पेशीही प्रवास करतात. फरक इतकाच, कीं त्या चौकीवर पोंचल्या तरी गांठ दुखत नाहीं, आणि पुष्कळ दिवस ती हातालाही लागत नाहीं.

त्वचेच्या कर्करोगाच्या प्रकारांत मेलॅनोमा हा सर्वांत कपटी. कातडीला रंग देणाऱ्या पेशींपासून तो उद्भवतो. गोऱ्या लोकांत, विशेषतः ऑस्ट्रेलियांत, तो उन्हाच्या माऱ्यामुळें फार आढळतो. भारतांत तो विरळा. आणि होतो तेव्हां पुष्कळदां नेमका ऊन न लागणाऱ्या जागीं, म्हणजे तळव्यावर, टाचेवर किंवा नखाखालीं. भिवंडीच्या यंत्रमागाच्या कारखान्यांतील एखादा कामगार घ्या. चार-सहा मागांवर नजर ठेवीत त्यानें तासन् तास उभें राहावयाचें. टाचेवर काळा डाग उठला तर तें कुरूप आहे अशी त्याची समजूत होणें अगदीं स्वाभाविक. तो डाग ब्लेडनें तासला जातो, त्यावर बाजारांतील पट्टी चिकटविली जाते, आणि डाग पसरून त्यांतून रक्त येऊं लागलें म्हणजे कोणी तरी मुंबईची, परळच्या रुग्णालयाची वाट दाखवितो.

डाग भोंवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह काढून टाकणें हें काम शल्यवैद्याला तितकेंसें अवघड नसतें. खरी अडचण जांघेंत आहे. हाताला गांठ लागत नाहीं, एवढ्यावरून तेथें रोग नाहीं असें म्हणतां येत नाहीं. पूर्वीं यावर दोनच मार्ग होते: वाट पाहणें, किंवा जांघेंतील सर्व ग्रंथी काढून टाकणें. दुसऱ्या मार्गानें रोग्याच्या पदरीं पुष्कळदां नवेंच दुखणें येई. ग्रंथी गेल्या कीं लसिकेची वाट तुटते, पाय सुजूं लागतो, आणि हत्तीरोगाच्या पायासारखा जड पाय जन्माचा सोबती होतो. घरीं बसून राहणाऱ्यास हें कदाचित् सोसतां येईल. मागापाशीं उभें राहून पोट भरणाऱ्याची मात्र मजुरीच जाते. आणि ज्यांच्या ग्रंथी अशा रीतीनें काढल्या जात, त्यांतील बहुतेकांच्या ग्रंथींत रोग पोंचलेलाच नसे!

यांतून मार्ग निघाला तो एका साध्या प्रश्नामुळें. डागापासून निघालेली लसिका सर्व ग्रंथींत एकदम शिरते, कीं आधीं एकींत आणि मग इतरांत? रामोन काबान्यास या शल्यवैद्यानें १९७७ सालीं पुरुषाच्या जननेंद्रियाच्या कर्करोगावरून असें मांडलें, कीं पहिली एक ग्रंथि असते आणि रोग आधीं तेथें येतो. तिला पहारेकरी ग्रंथि हें नांव मिळालें. परंतु ती शरीरांत एका ठराविक जागीं असते ही कल्पना टिकली नाहीं. ती माणसामाणसांत आणि डागाडागागणिक बदलते. कॅलिफोर्नियांतील डोनाल्ड मॉर्टन यांनीं १९९२ सालीं निराळा उपाय प्रसिद्ध केला. डागाभोंवतीं निळा रंग टोचावयाचा, आणि निळी झालेली वाहिनी ज्या ग्रंथीला जाऊन मिळते तेवढीच उचलावयाची. २३७ ठिकाणीं असा शोध घेतला असतां १९४ ठिकाणीं ती सांपडली. उरलेल्या ४३ ठिकाणीं हात रिकामा राहिला, कारण निळा रंग दिसण्यासाठीं आधीं कातडी कापावी लागते, आणि कोठें कापावें हें तो सांगत नाहीं.

तें सांगण्याचें काम टेक्नेशियमनें पत्करलें. इटलींतील पेरिए आणि सेग्रे यांनीं १९३७ सालीं ओळखलेलें हें मूलद्रव्य, माणसानें कृत्रिम रीतीनें निर्माण केलेलें पहिलेंच. वैद्यकाला लागणारा त्याचा प्रकार मॉलिब्डेनमपासून मिळतो. मॉलिब्डेनम एका नळींत भरून ठेवतात आणि मिठाच्या पाण्यानें धुवून त्यांतून टेक्नेशियम काढून घेतात. या उपकरणाला पाश्चात्य प्रयोगशाळांत गंमतीनें 'गाय' म्हणतात आणि त्या क्रियेला 'दूध काढणें'. ही गाय आठवड्या-दोन आठवड्यांत आटते. दुधाचें सामर्थ्य तर सहा तासांत निम्में होतें आणि एका दिवसांत सोळाव्या हिश्शावर येतें. म्हणूनच तें शरीरांत सोडण्यास योग्य, आणि म्हणूनच तें कपाटांत सांठवून ठेवतां येत नाहीं. या बाबतींत मुंबईची जागा मोक्याची. परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें, आणि १९६२ सालापासून त्याचा कारभार अणुशक्ति खात्याकडे आहे. अणुभट्ट्यांचें ट्रॉम्बे त्याच शहरांत.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं किंवा त्याच दिवशीं सकाळीं टेक्नेशियम लावलेले अतिसूक्ष्म कण डागाभोंवतीं कातडींत टोचतात आणि रोग्याला गॅमा कॅमेऱ्याखालीं निजवितात. पडद्यावर प्रथम टाचेचा एकच तेजस्वी ठिपका असतो. मग त्यांतून एक बारीक रेघ निघून पोटरीवरून वर सरकते, आणि थोड्या वेळानें जांघेंत दुसरा ठिपका उजळतो. तेथें कातडीवर शाईची खूण करतात. कधीं कधीं रेघ गुडघ्याच्या लवणींतच थांबते. नुसत्या अंदाजावर जाणाऱ्या शल्यवैद्यानें तेथें कदाचित् पाहिलेंही नसतें! डाग पाठीच्या मध्यावर असेल तर अंदाजाची आणखीच फजिती होते. एकोणिसाव्या शतकांत साप्पे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें, अंगाच्या कोणत्या भागाची लसिका कोणत्या काखेंत वा जांघेंत जाते, याच्या सीमारेषा आंखून दिल्या होत्या. शंभर वर्षें त्या प्रमाण मानल्या गेल्या, आणि कॅमेऱ्यापुढें त्या टिकल्या नाहींत. अलीकडे या चित्रावर सी. टी. स्कॅनचें चित्र बसवितात, म्हणजे ग्रंथि किती खोल आहे तेंही कळतें.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर शल्यवैद्याच्या हातांत पेन्सिलीएवढें एक शोधक यंत्र असतें. ग्रंथीजवळ तें नेलें कीं त्याचा आवाज वाढतो, दूर नेलें कीं मंदावतो. छेद इंच-दीड इंचाचा पुरतो. पहिली ग्रंथि काढल्यावर यंत्र पुन्हां त्या जागेवर धरतात. सर्वांत प्रखर ग्रंथीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त मोजमाप देणारें कांहीं उरलें असेल तर तेंही काढतात. निळ्या रंगाची जोड अजूनही देतात. त्यामुळें एक-दोन दिवस रोग्याची लघवी हिरवट होते. घरच्यांना आधीं सांगून ठेवलें नाहीं तर ती भलतीच घबराट उडविते.

किरणोत्सर्गी द्रव्याची गैरसोय टाळण्यासाठीं इंडोसायनिन ग्रीन नांवाचा रंगही आतां वापरतात. कोडॅक या छायाचित्रणाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेंतून आलेलें हें द्रव्य आधीं हृदय व यकृत यांच्या परीक्षेसाठीं वापरांत होतें. डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशांत तें चमकतें, आणि खास कॅमेऱ्यानें वाहिनी जिवंत ओढ्यासारखी वाहतांना दिसते. परंतु हा प्रकाश मांसांतून सुमारें एक सेंटिमीटरच बाहेर येतो. लठ्ठ माणसाच्या जांघेंत तो एकटा पुरत नाहीं.

या सर्व खटाटोपानें आयुष्य वाढतें काय? वैद्यकानें याचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें आहे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचणींत सर्व रोग्यांचा एकत्र विचार करतां मृत्यु कमी झालेले आढळले नाहींत. पण कोणाचा रोग पुढें सरकला आहे हें या एका ग्रंथीइतकें स्पष्ट दुसऱ्या कशानेंही कळत नाहीं, असें दिसलें. २०१७ च्या चांचणीनें तर जुन्या रीतीचा पायाच काढून घेतला. पहारेकरी ग्रंथींत रोग सांपडलेल्या रोग्यांपैकीं कांहींच्या उरलेल्या ग्रंथी सरसकट काढल्या, आणि कांहींना नुसतें नजरेखालीं ठेवलें. तीन वर्षांनीं दोन्हीं गटांत मेलॅनोमाच्या मृत्यूंतून वांचलेले शेंकडा ८६ च. सूज मात्र पहिल्या गटांत शेंकडा २४ जणांना आली, दुसऱ्यांत शेंकडा ६ जणांना.

साधारणपणें डागाची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास किंवा अधिक असेल तेव्हां हा शोध घेतात. ही जाडी सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावी लागते, आणि तासलेल्या कुरूपाची जाडी कोणासच मोजतां येत नाहीं. त्याशिवाय, आधींच कोणी डाग रुंद कापून जखम शिवून टाकली असेल तर लसिकेची मूळ वाट मोडते, आणि कॅमेरा दाखवितो ती रेघ भलतीकडेच जाऊं शकते. टाचेवरील संशयास्पद काळा डाग पाहून भिवंडींतील डॉक्टरनें घाईनें मोठा छेद न घेतां तो अगदीं अरुंद कडेनें काढून किंवा, डाग मोठा असल्यास, त्याचा छोटा तुकडा घेऊन तपासणीस पाठविला, तर परळच्या कॅमेऱ्याखालीं ती वाट शाबूत असते.