हरकत कोण घेणार?

(प्रजासत्ताकदिनी झेंडावंदनानंतर संस्थेच्या आवारात केलेले भाषण)



समोर जे व्यापारी संकुल आहे, ती जागा विकास आराखड्यात बागेसाठी राखीव होती. नव्या सभासदांना हे ठाऊक नसेल. सतरा वर्षांपूर्वी ते आरक्षण बदललं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 प्रमाणे असा बदल करण्याआधी नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. मुदत एक महिना. नोटीस निघाली होती. पण वर्तमानपत्रात, निविदांच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यात नुसता सर्व्हे नंबर. समोरच्या जागेचा सर्व्हे नंबर आपल्यापैकी किती जणांना पाठ आहे?

मी ती नोटीस वाचली होती. बँकेत आयुष्यभर बारीक अक्षरंच वाचली. शंकाही आली. पण म्हटलं, सेक्रेटरी बघतील. सेक्रेटरींना वाटलं, शेजारची सोसायटी बघेल. शेवटच्या दोन दिवसांत धावपळ करून अकरा सह्यांची हरकत दिली. नकाशा बघायला गेलो, तर साहेब साइटवर. सुनावणी मंगळवारी सकाळी अकराला. नोकरदार माणूस येणार कसा? आम्ही तिघे गेलो, दोन मिनिटं बोललो. ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर मिळालं. हरकत का फेटाळली, ते कधी कळलं नाही.

खेड्यात ग्रामसभेला प्रत्येक मतदार बसू शकतो. शहरांसाठी 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या. पण तीन लाखांवर वस्तीच्या शहरात एकेका समितीखाली हजारो-लाखो माणसं येतात. तिथे तुम्हाआम्हाला खुर्ची नाही. 2022 साली मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि काही वर्षं नगरसेवकही नव्हते, प्रशासकच होते. गाऱ्हाणं सांगायचं कुणाला?

हे सगळे अडथळे खरे आहेत. पण आपली वार्षिक सभा आठवा. कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग आहेत त्यांच्यात ठराव मंजूर! स्वतःच्या जिन्याखाली आपण येत नाही, तर महापालिकेत कसे जाणार?

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात एक विनंती. दोन सभासदांनी आठवड्याला जाहीर नोटिसा वाचाव्यात आणि आपल्या भागाची नोटीस सूचना फलकावर मोठ्या अक्षरांत, जागेच्या नावासह लावावी. पहिला मी. दुसरा कोण, ते चहापानाच्या वेळी सांगा. आणि माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे. हरकत फेटाळली, तर कारण मागायला शिकू या.

आज मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात आणि काच फुटली की आपण त्यांच्यावर ओरडतो. बाळांनो, चूक तुमची नाही. तुमचं मैदान आमच्या अंगणातून गेलं, तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!