इंजिनाच्या टोपणातून गळणारे तेल



मी मिस्त्री नाही. मी शाळामास्तर. सारा जन्म मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवले आणि हेडमास्तर म्हणून घरी बसलो. मग इंजिनावर बोलायला हा म्हातारा कशाला उभा राहिला, असे तुम्ही म्हणाल. सांगतो.

आमचे शेत मूल तालुक्यात आहे. चार एकर धान. गोष्ट २०२३ सालची. आश्विन लागला होता. हलके धान कापणीला आले होते. पण भारी धान नुकते निसवले होते, दाणा भरायचा होता. आणि पावसाने पाठ फिरवली. बोडीत पाणी होते, पण ते बांधीत चढवायचे कसे? विजेची लाईन आमच्या शेतापर्यंत आलेली नाही. बोडीच्या पाळीवर पाच हॉर्सपॉवरचे जुने डिझेल इंजिन आहे. सगळा भरवसा त्याच्यावर. सोसायटीचे कर्ज डोक्यावर होतेच.

एके सकाळी पुतण्या धावत आला. म्हणाला, "काकाजी, इंजिन तेल गाळते. नट ढिला झाला असेल. आवळून टाकतो."

त्याने पान्याच्या दांडीला लोखंडी पाईप लावला आणि अंगातला सगळा जोर काढून नट आवळला. एक दिवस गळती थांबली. दुसऱ्या दिवशी दुप्पट झाली. रोज पाव लिटर तेल जमिनीवर. मग मिस्त्री आणला. त्याने लांबूनच पाहिले आणि सांगितले, "इंजिन खलास झाले. रिंगा गेल्या. दुकानात न्यावे लागेल. आठ दिवस लागतील."

आठ दिवस! तोवर धानाचा कोंडा झाला असता. वहिनी काही बोलली नाही. नुसती बांधीकडे पाहत उभी राहिली. मी म्हटले, आधी आपण नीट पाहू, मग इंजिन उचलू.

आता हे तेल कुठे असते ते समजून घ्या. लोहाराचा भाता तुम्ही पाहिला आहे. त्यात कातड्याची झडप असते. भाता उघडला की झडप उघडते, हवा आत येते. दाबला की झडप मिटते. इंजिनालाही अशा दोन झडपा आहेत. एकीतून हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. मिस्त्री त्यांना वॉल म्हणतात. आमच्या इंजिनाच्या पाटीवर १५०० हा आकडा आहे. म्हणजे चाक मिनिटाला १५०० फेरे घेते. दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते. म्हणजे मिनिटाला ७५० वेळा! एवढी ठोकाठोक सोसायची तर तेल पाहिजेच. ते तेल उडू नये, धूळ आत जाऊ नये, म्हणून झडपांवर डोक्याला टोपी घालावी तसे एक टोपण असते. टोपण आणि इंजिन यांच्यामध्ये पॅकिंग असते. ते बुचासारखे किंवा रबरी असते.

जाता जाता सांगतो, डिझेल हे मूळ एका माणसाचे नाव. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनिअर. त्याचे इंजिन १८९७ साली नीट चालून दाखवले गेले. आपल्याकडे पुण्याला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढे खेडोपाडी ही इंजिने विहिरीवर आणि नदीकाठी दिसू लागली.

असो. आम्ही काय केले ते ऐका.

इंजिन बंद केले. थंड होऊ दिले. पट्टा काढला. गळणारे तेल दोन बोटांत चोळून पाहिले. डिझेल पातळ असते, त्याला उग्र वास असतो. हे जाड होते, काळे होते, बुळबुळीत होते. म्हणजे इंजिनाचेच तेल. मग तेलपट्टी काढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही बाहेर येते. आमचे तर खालच्या खुणेपाशी गेले होते. त्यात ताजे तेल घातले, कारण कमी तेलावर इंजिन चालवणे म्हणजे त्याचा जीव घेणे.

इंजिनाला श्वासाची एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती मातीने बुजली तर पोटातली हवा कोंडते आणि तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलते. मग नवे पॅकिंगही टिकत नाही. आमची नळी मोकळी होती. तिच्यातून धुराचा लोटही येत नव्हता. रिंगा गेल्या असत्या तर तिथून धूर भकाभका आला असता. तिथेच मला मिस्त्रीच्या बोलण्याची शंका आली.

मग सारे इंजिन चिंध्यांनी पुसून कोरडे केले. पुतण्या कंटाळला. म्हणाला, "गळते तर खाली आहे, वर कशाला पुसता?" अहो, घराचे छप्पर गळते तेव्हा पाणी चुलीपाशी पडते, पण कौल फुटलेले असते आढ्याजवळ! तेलही तसेच वरून ओघळत येते. म्हणून ओल दिसेल त्यातली सर्वांत वरची जागा शोधायची. ती आमच्या टोपणाच्या कडेला सापडली.

नट काढून टोपण उचलले. पॅकिंग वाळून खापरीसारखे झाले होते. जुने पॅकिंग बांबूच्या कामटीने खरवडले. लोखंडी पात्याने खरवडू नका, चरे पडतात आणि त्यातूनच पुढे तेल झिरपते. तुकडे आत पडू नयेत म्हणून भोकांत स्वच्छ फडके कोंबले. मग ते आठवणीने काढलेसुद्धा! मूलच्या दुकानातून पॅकिंगचा तुकडा आणला, टोपण त्यावर ठेवून कड आखली आणि कात्रीने कापला. बसवला. इंजिन चालवले. दहा मिनिटांत पुन्हा ओल.

खरे सांगतो, त्या वेळी माझाही धीर सुटला होता. मग शाळेतला खडू आठवला. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत लोखंडातली बारीक चीर अशीच शोधत. वस्तूला तेल लावायचे, वरून पुसून कोरडी करायची आणि खडूची भुकटी लावायची. चिरेत शिरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

आम्ही टोपण काढून चांगले पुसले. खडू कुटून, वस्त्रगाळ करून वर चोपडला आणि टोपण उन्हात ठेवले. थोड्या वेळाने नटाच्या भोकापासून एक काळी रेघ निघाली. केसाएवढी बारीक, दोन बोटे लांब. पुतण्याने ती पाहिली आणि मान खाली घातली. पॅकिंग म्हातारे झाले होते हा पहिला रोग. पाईप लावून आवळले, त्याने टोपणच तडकले हा दुसरा. मी त्याला रागावलो नाही. गळते म्हटल्यावर मीही तेच केले असते.

टोपण ओतीव ॲल्युमिनियमचे. गावातल्या साध्या वेल्डिंगने ते जुळत नाही. म्हणून तात्पुरता इलाज केला. चिरेच्या टोकाला सुताराकडून बारीक भोक पाडून घेतले, म्हणजे चीर पुढे धावत नाही. पेट्रोलने तेलाचा अंश काढला. हे काम विस्तव आणि विडीपासून लांब, उघड्यावर करा. पॉलिश कागदाने जागा खरखरीत केली आणि एम-सील मळून आतून-बाहेरून दाबले. रात्रभर सुकू दिले. सकाळी आरशाच्या काचेवर पॉलिश कागद ठेवून टोपणाची कड त्यावर घासली, म्हणजे ती सपाट झाली.

या वेळी पान्याला पाईप नाही. नट आधी हाताने बसवले. मग आखूड पान्याने एकाला थोडा पीळ, दुसऱ्याला थोडा पीळ, असे आळीपाळीने. पॅकिंग जरा दबले की थांबायचे. जोर पॅकिंगने सोसायचा, टोपणाने नाही.

कडेला पुन्हा खडू लावला. पुतण्याने शेल्याची टोके खोचून घेतली, पट्ट्यापासून लांब उभा राहून हँडल मारले. अर्धा तास आम्ही दोघे त्या पांढऱ्या रेघेकडे पाहत बसलो. ती पांढरीच राहिली.

मग पट्टा चढवला. शेवटच्या बांधीत पाणी पोचले तेव्हा पहाट झाली होती. वहिनी तिथे कंदील घेऊन बसली होती.

एम-सीलचे ठिगळ गरम तेलात किती दिवस टिकणार? म्हणून दिवाळीनंतर पाटीवरचा नंबर कागदावर लिहून नेला आणि नवे टोपण आणले. जुने गोठ्यातल्या खुंटीला टांगले आहे. तो लोखंडी पाईप मात्र वहिनीने तुरीच्या कुंपणाला लावून टाकला.