वीस मुलांचा केक

आमच्या बचत गटाने वाढदिवसाच्या केकची पहिली ऑर्डर घेतली, तेव्हा वहीत लिहिलं होतं, ‘मुलं वीस, केक एक किलो.’ एका मुलाला पन्नास ग्रॅम. कागदावर हिशेब बरोबर होता. क्रीमची फुलं काढली, नाव घातलं आणि आम्ही दोघी तो पोहोचवायला गेलो. त्या घरच्या ताईंनी बसवूनच घेतलं, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

वीस मुलं आली, पण त्यांचा हात धरून धाकटी भावंडंही आली. पोचवायला आलेल्या आज्या थांबल्या. केक गोल होता, त्याचे मोठाले त्रिकोण कापले गेले आणि बाराव्या तुकड्याला केक संपला. मग दिलेल्या बश्या परत मागून तुकडे अर्धे केले. मुलं तुकडे मोजत नाहीत, मापतात! रडारड झाली. भांडी घासायला आलेल्या मावशींची मुलगी दाराशी उभी होती. तिच्या बशीत वेफर आणि चिवडा पडला. ती काही बोलली नाही. परत येताना आम्हीही बोललो नाही.

तेव्हापासून ऑर्डर घेताना आम्ही विचारतो, “बोलावलेली किती ते सांगितलंत, आता कडेवर किती येणार? घरात कामाला कोण आहे?” वीस बोलावली असतील तर आम्ही तीस धरतो. आणि केक दोन प्रकारचे करतो. मेणबत्ती लावायला सहा इंची छोटा, सजवलेला. तो फुंकण्यात आणि तोंडाला फासण्यातच जातो. (ही फासण्याची पद्धत आम्हाला मुळीच आवडत नाही, पण आमचं कोण ऐकतं!) खायचा केक वेगळा, साधा, चौकोनी, स्वयंपाकघरात आधीच कापून ठेवलेला. आठ इंची चौकोनी डब्यातल्या केकचे दोन-दोन इंचांचे सोळा तुकडे होतात. असे दोन केक केले की बत्तीस. बरोबर समोसा किंवा पावभाजी असेल तर एवढा तुकडा मुलांना पुरतो.

एका केकला दीड वाटी मैदा, एक वाटी साखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तेल, सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा खायचा सोडा आणि थोडा व्हॅनिला इसेन्स. वाटी सगळ्याला एकच. आधी दह्यात साखर विरघळवा, तेल घाला, मग मैदा, पावडर आणि सोडा एकत्र चाळून हलक्या हाताने मिसळा. फार घोटलंत तर केक चिवट होतो. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मिठाचा थर द्या, वर जाळी ठेवा. शिट्टी आणि रिंग काढायची, पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं तापवून मग डबा ठेवा आणि मंद आचेवर पाऊण तास. सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं. कुकरमध्ये डबा गोल लागतो, तरीही त्रिकोण कापू नका. सरळ पट्ट्या कापून त्यांचे चौकोन करा आणि कडेचे छोटे तुकडे दोन-दोन एका बशीत द्या.

दुसऱ्या केकचं पीठ मात्र पहिला बाहेर आल्यावरच भिजवा. सोडा घातलेलं पीठ ताटकळत राहिलं तर केक नीट फुगत नाही. केक आदल्या रात्री करून ठेवा. गार झालेला केक सुबक कापला जातो, गरम केकचा चुरा होतो. क्रीम लावायचं असेल तर तेही पूर्ण गार झाल्यावरच.

मागच्या महिन्यात एक ताई म्हणाल्या, “एवढे कशाला? उरतील.” आम्ही म्हटलं, उरले तर परत आणा, पैसे कापून घेऊ. संध्याकाळी त्यांचा मुलगा डबे द्यायला आला. आत नुसता चुरा होता. तो आम्हीच चहाबरोबर खाल्ला.