दूरच्या रुग्णाशी डॉक्टरांचे नाते

वैद्याने नाडी पाहावी, जीभ पाहावी, पोट चाचपून पाहावे, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. हल्ली मात्र वैद्य एका गावी आणि रुग्ण दुसऱ्या गावी, असा प्रसंग पुष्कळदा येतो. समजा, खानापूर तालुक्यातील रानालगतच्या एका वाडीत, भर पावसाळ्यात, एका म्हातारीला दम लागला आहे. नातू मोबाईलवरून बेळगावच्या डॉक्टरांशी बोलत आहे. डॉक्टरांना तिचा चेहरा दिसतो, बोलणे ऐकू येते. परंतु त्यांची नळी तिच्या छातीला लागू शकत नाही. या उणिवेचे भान राखणे हाच दूरस्थ वैद्यकाच्या नीतीचा पाया होय.

आपल्या देशात यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाली. वैद्यक व्यावसायिकांच्या आचरणाविषयी २००२ साली जे नियम झाले होते, त्यांनाच ती जोडण्यात आली. म्हणजे त्यांचा भंग हा केवळ शिष्टाचाराचा भंग नव्हे. तो व्यावसायिक गैरवर्तनात मोडतो.

पहिली गोष्ट ओळखीची. आपण कोणाशी बोलत आहो हे उभयतांस कळले पाहिजे. डॉक्टरांनी आपले नाव व पात्रता सांगावी, चिठ्ठीवर नोंदणीक्रमांक घालावा. रुग्णाचे नाव, वय व ठिकाण विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट संमतीची. रुग्णाने स्वतः संपर्क साधला, तर त्यातच संमती आली असे धरतात. येथे संपर्क नातवाने साधला आहे. म्हणून म्हातारीचा स्पष्ट होकार घेऊन त्याची नोंद ठेवावयास हवी.

तिसरी गोष्ट औषधाची. काही औषधे पहिल्याच भेटीत, पण चित्रसंवादातूनच लिहिता येतात. काही केवळ पूर्वी तपासलेल्या रुग्णास त्याच आजारासाठी पुन्हा देता येतात. आणि मादक द्रव्यांच्या वर्गातील औषधे तर मुळीच लिहिता येत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेने डॉक्टरांस साहाय्य करावे. रुग्णास सल्ला वा औषध देण्याचा अधिकार तिला नाही. रुग्णाची छायाचित्रे व माहिती ही त्याची ठेव आहे. तिचा गैरवापर हा विश्वासघातच.

परंतु खरी कसोटी निराळीच आहे. म्हातारीचे ओठ निळसर दिसत आहेत, दोन शब्दांतच तिला धाप लागते. अशा वेळी पाच औषधांची चिठ्ठी पाठविणे सोपे. नातवाचे समाधान होते, फीही पदरात पडते. तथापि डॉक्टरांनी म्हणावे, ‘बाळ, हे काम माझ्या फोनवरून होणारे नाही. आजीला उठवून बसव आणि गाडी करून ताबडतोब इस्पितळात ने.’ तातडीच्या प्रसंगी प्रथमोपचार सांगून रुग्णास प्रत्यक्ष उपचाराकडे धाडावे, हेच नियमही सांगतात. उलट, समोर येऊन तपासून घेण्यास तयार असलेल्या रुग्णास फोनवरच अडकवून ठेवणे हेही गैरवर्तनच ठरते.

आपणही एवढे ध्यानात ठेवावे. ‘मला प्रत्यक्ष दाखवा’ असे म्हणणारा डॉक्टर काम टाळीत असतो, असे समजू नये. आपल्याला काय दिसले नाही, हे प्रामाणिकपणे सांगणे हाही वैद्याच्या विद्येचाच भाग आहे.