टेम्पोचे पैसे कोण देतं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की सोसायटीत एकत्र किराणा घ्यायला सुरुवात केली, पण पैसे पुरत नाहीत, असं का? म्हणून आज आमचीच फजिती सांगते.

आम्ही डोंबिवलीतली ३६ घरं. महिन्यातून एकदा वाशीच्या घाऊक बाजारातून तांदूळ, डाळी, गूळ, थोडा सुका मेवा आणतो. सगळं काम आम्हीच करतो, पगार कुणालाच नाही. त्यामुळे ‘खर्च कसला?’ असंच सगळ्यांना वाटायचं. सुरुवातीला दर घरामागे ५० रुपये ठरवले होते, ते तसेच चालू राहिले.

हिशेब एक काकू बघायच्या. त्या मुलीकडे गेल्या आणि वही माझ्याकडे आली. पहिल्याच महिन्यात १८०० रुपये कमी पडले. मी तीनदा बेरीज केली. शेवटी काकूंना फोन लावला, तर म्हणाल्या, “अगं, ते मी घालते.” आठ महिने घालत होत्या! वहीत एक ओळसुद्धा नाही. पेन्शनीतून. मला काय बोलावं तेच कळेना.

मग बसून खर्च मांडला. टेम्पो २२००, हमाली ५००, पिशव्या ३००. आणि तूट ६००. तूट म्हणजे काय, तर ५० किलोच्या कट्ट्यातून एकेक किलोच्या पिशव्या भरल्या की शेवटची पिशवी कधीच पुरी भरत नाही. थोडं सांडतं, थोडं काट्यावर झुकतं माप जातं. एकूण ३६०० रुपये.

आता हे वाटायचे कसे? इथे खरी भांडणं झाली, बरं का. माल साधारण ६०,००० रुपयांचा, म्हणजे सहा टक्के लावले की झालं, असं एक जण म्हणाला. पण ९०० रुपयांच्या किलोभर काजूवर ५४ रुपये आणि किलोभर तांदळावर तीन-चार? टेम्पोला दोन्हींचं वजन सारखंच! बरं, दर घरामागे सरळ १०० घ्यावेत, तर तळमजल्यावरच्या आजी एकूण ५०० रुपयांचं सामान घेतात. त्यांना ते २० टक्के महाग. त्यापेक्षा त्या कोपऱ्यावरच्या दुकानात जातील, आणि बरोबरच करतील.

शेवटी ठरलं असं: घरामागे २० आणि किलोमागे ४ रुपये. एका महिन्याचा माल साधारण ९०० किलो, म्हणजे ४३२० जमतात. वरचे ७२० रुपये मे महिन्यासाठी बाजूला. मे महिन्यात निम्मी घरं गावाला जातात, माल ४०० किलोवर येतो, पण टेम्पोवाला निम्मं भाडं घेतो का? छे! त्या महिन्यात साधारण ९०० रुपयांचा खड्डा पडतो, तो या शिलकीतून भरायचा. वर्षअखेर उरलं तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत.

ही परत देण्याची युक्ती काही आमची नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ साली २८ जणांनी लोणी, साखर, पीठ विकणारं आपलं दुकान काढलं. ते बाजारभावानेच विकायचे आणि उरलेला नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना वाटायचे. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायतही १९७५ पासून कार्यकर्त्यांच्या बळावर एकत्र खरेदी करत आली आहे. तेव्हा नवीन सुरू करणार असाल, तर आधी अशा एखाद्या जुन्या संघाचं वाटप बघून या. आम्ही नाही गेलो, ती चूकच झाली.

आता दर महिन्याला टेम्पोच्या पावतीचा फोटो ग्रुपवर टाकते. दोन घरं सोडून गेली. एकाचं म्हणणं, “सेवा म्हणता आणि पैसे घेता?” मी वाद घातला नाही. फोटो पुन्हा पाठवला.

काकू परवा आल्या. आधीचे पैसे परत घ्या म्हटलं, तर ऐकायलाच तयार नाहीत. दहा किलो तांदूळ घेतला, किलोमागचे चाळीस आणि घराचे वीस, असे साठ रुपये मोजून दिले, आणि वहीत लिहिलं का ते वाकून पाहिलं.