आधी कारण, मग ऑपरेशन

सेनगाव-कळमनुरीकडच्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा अंगावरून जास्त जातं हे अगदी शेवटी, उठता उठता सांगतात. आणि लगेच विचारतात, "बाई, पिशवी काढून टाकू का?" मी म्हणते, आधी कारण शोधू.

पाळी चालते ती हार्मोन्सच्या, म्हणजे संप्रेरकांच्या हुकमावर. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या आतलं अस्तर वाढतं. बीजकोशातून बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन तयार होतं आणि ते अस्तर सावरून धरतं. बीज सुटलंच नाही, तर अस्तर वाढतच जातं आणि मग मातीच्या भिंतीसारखं कुठूनही, केव्हाही ढासळतं. वयात येणाऱ्या मुलींत आणि पाळी जाण्याआधीच्या वर्षांत हे जास्त घडतं. थायरॉइडचा बिघाड, पीसीओएस, प्रोलॅक्टिन वाढणं हीही कारणं असतात. अशा वेळी दोष पिशवीचा नसतो.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. आपल्या हिंगोली जिल्ह्यातूनही जोड्या कोयता घेऊन जातात. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीची कटकटच नको वाटते. हे मला कळतं. पण पिशवीबरोबर बीजकोशही गेले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात. मग कोयता कसा उचलणार?

म्हणून आधी तपासण्या करा. दिवस गेलेले नाहीत ना ते पाहावं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी करावी. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडाही तपासावा लागतो. कारण हार्मोनचं निघालं, तर बहुतेकींना गोळ्यांनी किंवा तांबीसारख्या, हार्मोन सोडणाऱ्या साधनाने आराम पडतो. कॅन्सर किंवा मोठ्या गाठी असतील, तर ऑपरेशन टाळू नये, हेही तितकंच खरं.

पाळी आठ दिवसांहून जास्त चालली, चोवीस दिवसांच्या आत परत आली, किंवा मोठ्या गाठी पडल्या, तर दाखवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी लगेच या.

आणि कुणी पिशवी काढा म्हटलं, तर एवढंच विचारा : "डॉक्टर, कारण काय निघालं? रिपोर्ट दाखवा." असं विचारण्यात उद्धटपणा नाही. शरीर तुमचं आहे.